मंगळवारचं चित्र

हॅलो?… हो वहिनी, डेल्फीच बोलतेय… नाही, ऑफिसातच आहे, जिन्यात येऊन उभी राहिलेय… खाल्लं गं, खाल्लं. तू बोल.

…

नाही. अण्णाच्या बोटीचा काहीच पत्ता नाही. असता तर मी तुझ्या फोनची वाट बघितली असती का?

…

अगं, उपग्रह रोज नाही जात आपल्या समुद्रावरून. मंगळवारी गेला, काल शुक्रवारी गेला. आता सोमवारी.

…कोण? फादर? भोंग्यावरून?… काय सांगितलं त्यांनी?… "आपल्या गावची डेल्फी हैदराबादहून सांगते, पश्चिमेला एकही बोट नाही, सगळे उत्तरेकडे शोधतायत, तिच्यासाठीही प्रार्थना करा"… अरे देवा. वहिनी, त्यांना थांबव. आत्ताच्या आत्ता थांबव… सांगते ना का ते… अगं ऐक ना. तू कुठे आहेस? चर्चच्या पायऱ्यांवर? बाकीच्या बायका जवळ आहेत?… मग जरा लांब ये. जाळी वाळत घालतात तिकडे ये.

…आलीस?

आज सकाळी अप्पांचा फोन आला होता मला… हो, तुला नाही सांगितलं त्यांनी. पलीकडच्या गावच्या दोन बोटी काल परत आल्या ना… हो, त्याच. त्या पोरांनी अप्पांना सांगितलं, की वादळानंतर मंगळवारी सकाळी ते पश्चिमेलाच होते. इंजिन दुरुस्त करत बसले होते. आणि अप्पांनी मला एवढंच विचारलं, "पोरी, तुझ्या चित्रात या दोन बोटी दिसल्या होत्या का?"

…

नव्हत्या, वहिनी. माझ्या चित्रात पश्चिमेला काहीच नव्हतं. पाटी पुसल्यासारखा समुद्र.

…नाही, उपग्रह कसा चुकेल? तो ढगाआडूनही बघतो. थांब, सांगते. त्याचं चित्र येतं ना, ते असं स्वच्छ नसतं. मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके असतात सगळीकडे. लाटांचे, कशाकशाचे. ते काढावे लागतात. तेच माझं काम… हो, त्याचाच पगार. मी एक चाळणी लिहिलीय. जो ठिपका आजूबाजूच्यांशी जुळत नाही, एकटाच पडलाय, तो खोटा समजायचा आणि काढून टाकायचा… तांदूळ निवडतेस तसंच.

…हो.

हो, वहिनी. एवढ्या उंचावरून आपली बोट पण एक ठिपकाच दिसते.

…

तू आहेस ना फोनवर?… मी आज न चाळलेलं चित्र काढून बघितलं. मंगळवारचंच. पश्चिमेला तीन ठिपके आहेत. दोन थोड्या थोड्या अंतरावर, ते त्या परत आलेल्या पोरांचे. तिसरा त्यांच्यापासून बराच लांब, खाली… नाही, बोटीवरचं नाव नाही दिसत गं. माणसंही नाही दिसत. पण त्या भागात दुसऱ्या कुणाचीच बोट बेपत्ता नाही. अण्णाची "अरुळमाता"च आहे ती. अकरा जण मंगळवारी सकाळी तिथे होते आणि मी त्यांना काढून टाकलं.

…

नको ना रडू. म्हणजे रड. मी कोण सांगणार.

…सांगितलं त्यांना, लगेच सांगितलं. बंदरावरच्या कंट्रोल रूमला सकाळी साडेनऊला पाठवलं. पण आमच्याकडून चित्र कुलूप लावून जातं. किल्ली तिथल्या एकाच साहेबाकडे. त्यांनी उघडलं की इथे मला कळतं. आता दुपारचा एक वाजला, अजून उघडलेलं नाही… केला फोन, चार वेळा केला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, शोध उत्तरेला चालू आहे, पश्चिम तपासून झालीय." माझाच मंगळवारचा कागद मला वाचून दाखवतात गं… कुलूप कशाला म्हणजे? वाटेत कुणी एक ठिपकासुद्धा हलवू नये म्हणून. आणि इथून निघायच्या आधी मीच…

…काय? शोधायला निघतायत? किती बोटी?… सहा? आपल्याच गावच्या?… त्या ठिपक्याची जागा हवीय त्यांना.

फोनवर सांगायला बंदी आहे, वहिनी. सही करून दिलीय मी… अगं, नाही म्हणत नाहीये! सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे. लिही. कशावर लिहितेस?… हातावर नको, घामाने जाईल. प्रार्थनेच्या पुस्तकावर लिही. सात अंश, बावन्न मिनिटं, उत्तर… बावन्न. पाच आणि दोन… चौऱ्याहत्तर अंश, दहा मिनिटं, पूर्व… हो. परत वाच… बरोबर. पण ही मंगळवारची जागा आहे. आज शनिवार.

…हो, हो, प्रवाह अप्पांना कळतो. ते सांगतील कुठल्या बाजूला गेली असेल… म्हणजे? ते स्वतः जातायत? वहिनी, सत्तरी उलटलीय त्यांची!… धरून ठेव ना त्यांना… हं… नाही, तेही खरंच. मुलगा त्यांचा आहे.

…

काय म्हणालीस?

…

कालचं? बघितलं. तेही न चाळता बघितलं. तसूतसू सरकत, सकाळपासून तेच करतेय… मंगळवारच्या जागेपासून चहूबाजूंनी, जिथवर वाहत जाईल तिथवर.

…

नाही, वहिनी. त्यात तिसरा ठिपका नाही.

…

कुठे गेला ते मला कसं माहीत असणार?… नांगराची दोरी तुटली असेल, बोट वाहत लांब गेली असेल… हो, मीच म्हणतेय, असेल. मला माहीत नाही. मला काहीही माहीत नाही.

…जाऊ देत त्यांना. थांबवू नकोस. मला खोटी ठरवून परत आले तर मी त्यांचे पाय धरीन.

…

काय?… मंगळवारी? काढून टाकलं तेव्हा कसं वाटलं?… असं का विचारतेस गं?

…

सांगते. खरं सांगते. फार छान वाटलं. इतकं स्वच्छ चित्र माझ्या हातून आजवर आलं नव्हतं. मी आजूबाजूच्या सगळ्यांना टेबलापाशी बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, आमच्या गावचा समुद्र.

…

वहिनी?… शिव्या दे मला, पण बोल काहीतरी… हॅलो?… हॅलो?