दुसरी किल्ली कोणाकडे

मंडळी,

या सभागृहात मी पुष्कळदा आलो आहे. नेहमी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. वार्ताहराची ती जागा. तिथून वक्ता नीट ऐकू येत नाही, पण लवकर निघता येतं. आज वासंतीबाईंच्या मुलीने, मृदुलाने, मला पुढे उभं केलं आहे आणि इथून दार फार लांब दिसतं आहे.

बोलायला जमेल की नाही, माहीत नाही. लिहून आणलं होतं. संस्कृत शिकलेला माणूस मी, त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात दोन समास असे पडले की घरी वाचतानाच बाईंचा आवाज ऐकू आला: ‘अनंता, उलगडून सांग, नाहीतर खाली बस.’ तो कागद खिशात ठेवला आहे. उलगडून सांगतो.

वासंतीबाई गेल्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना त्यांनी समाजशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांचं शिकवणं थांबलं, विचारणं थांबलं नाही. कुटुंब हा त्यांचा विषय. खांद्याला पिशवी अडकवून त्या इथल्या, ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती चढायच्या, डोंबिवलीत जायच्या, शीळफाट्याच्या पुढे जे नवे टॉवर झालेत तिथल्या सिक्युरिटीशी हुज्जत घालून वर जायच्या. आणि लोकांना विचारायच्या, तुमच्या घरात कोण कोण आहे?

प्रश्न सोपा वाटतो. बाई म्हणायच्या, या प्रश्नाला माणसं खोटं बोलत नाहीत, पण उत्तरही देत नाहीत. सरकारी व्याख्या अशी की एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. बाई यावर हसायच्या. ‘अरे, त्या टॉवरमध्ये तिघं तीन खोल्यांत बसून तीन हॉटेलांतलं मागवतात. आणि इथली सून रोज डोंबिवलीला सासूला डबा पोचवते. आता कुटुंब कुठलं मोजू?’

हल्लीचे अभ्यासक काय म्हणतात, ते त्या मला फोनवर ऐकवायच्या. कुटुंब म्हणजे कोण आहे, हे विचारू नका; कुटुंब म्हणून कोण काय करतं, ते बघा. डबा कोण पोचवतं, रिपोर्ट आणायला कोण जातं, मुक्काम कुठे का असेना, चौकशी कोण करतं. मी म्हटलं, बाई, म्हणजे नाम नाही, क्रियापद. त्या म्हणाल्या, ‘तुझं व्याकरण राहू दे. जेवलास का?’

मग त्यांनी स्वतःचा एक प्रश्न काढला. साधा. तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

आपल्याकडे लॅचची दारं. वाऱ्याने लागली की माणूस बाहेर आणि किल्ली आत. म्हणून दुसरी किल्ली कोणाकडे तरी ठेवायची असते. बाई म्हणायच्या, ती कोणाकडे ठेवता ते मला सांगा, रेशनकार्डावर कोणाची नावं आहेत ते मी नंतर बघते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच सभागृहात. व्याख्यान होतं. शेवटी त्यांनी हाच प्रश्न सभेला विचारला आणि वर म्हणाल्या, ‘ज्यांच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडेच नाही, त्यांनी हात वर करा.’

एकही हात वर गेला नाही. सभ्य वक्ता थांबतो त्यापेक्षा बाई जास्त थांबल्या. मग म्हणाल्या, ‘हरकत नाही. हात वर करायलासुद्धा बघणारं कोणीतरी असावं लागतं.’

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात मथळा आला, ‘कुटुंबसंस्था मोडीत’. मंडळी, मथळा वार्ताहर देत नाही, हे मी आजवर किती लोकांना सांगितलं असेल. बाईंचा फोन आला. ‘अहो वार्ताहर, मी तासभर बोलले ते उलट होतं ना?’ मी भेटायला गेलो, मथळ्याची सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. आणि मग म्हणाल्या, ‘ते जाऊ दे. तुम्ही काल हात वर केला नाहीत.’

मी म्हटलं, मी लिहीत होतो.

‘हो. हातात पेन होतं म्हणून सुटलात.’

मी डोंबिवलीच्या अलीकडच्या कोपरला राहतो. एकटा. आई-वडील गेले, लग्न केलं नाही. बाई म्हणायच्या, तू माझ्या एकाही रकान्यात बसत नाहीस. त्या पहिल्या भेटीत मी सांगून टाकलं, माझी दुसरी किल्ली माझ्याच बॅगेत असते. त्यांनी हात पुढे केला. ‘द्या ती इकडे.’

आता कोपर कुठे, नौपाडा कुठे. दुसरी किल्ली शेजारी ठेवतात, कारण अडकल्यावर दोन पावलांवर मिळावी. मी ती दोन शहरं पलीकडे ठेवली. हा मूर्खपणा माझ्या लक्षात आला नाही असं नाही. पण त्यानंतर बाई मला अरेतुरे करायला लागल्या आणि रोज विचारायला लागल्या, जेवलास का, खोकला गेला का. किल्ली घेतली म्हणजे त्यांनी चौकशीचा हक्क घेतला होता. दार उघडणं हे त्या किल्लीचं दुय्यम काम.

ते दुय्यम काम एकदाच पडलं. मी घरातल्या लेंग्यात कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलो आणि दार लागलं. फोन आत. समोरच्यांकडे उसने पैसे मागावेत तर समोरच्यांची मला फक्त पाटी माहीत. खालच्या वाण्याने ओळख दिली, भाडं दिलं, आणि मी त्या लेंग्यात ठाण्याला आलो. बाईंचं दार बंद. बेल वाजवतो आहे, वाजवतो आहे. शेजारचं दार इतकंसं उघडलं.

साने वहिनी. त्या इथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, सांगतो आता, रागावू नका.

साने वहिनी आणि बाई यांचा अबोला होता. कारण चपलांचं कपाट. ते पॅसेजमध्ये कोणाच्या हद्दीत आहे, यावरून. कुटुंबाच्या अभ्यासकाने चपलांच्या कपाटावरून वर्षानुवर्षं अबोला धरावा, यावर मी बाईंना बरंच छळलं आहे. पण त्या दिवशी वहिनी दाराच्या फटीतून म्हणाल्या, ‘त्या डोंबिवलीला गेल्यात. भाषण आहे म्हणे.’

मी म्हटलं, तुम्ही तर बोलत नाही त्यांच्याशी.

‘बोलत नाही म्हणून ऐकू येत नाही का? या आत. असे पॅसेजमध्ये उभे राहू नका, लोक काय म्हणतील.’

म्हणजे मी किल्लीसाठी ठाण्यात, आणि किल्ली बाईंच्या पर्समधून डोंबिवलीत. वहिनींनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, माझ्या हातात दिला. ‘धरा. मी बोलणार नाही.’ आणि मंडळी, एक रिंग पुरी व्हायच्या आत बाईंनी फोन उचलला. मी काही बोलायच्या आधी पलीकडून घाबरलेला आवाज आला, ‘वहिनी? काय झालं? बरं आहे ना?’

नंबर साठवलेला होता. एवढंच सांगतो.

बाई भाषण आटपून आल्या. मी तोवर वहिनींच्या सोफ्यावर पोहे खात होतो. पुढचं संभाषण माझ्यामार्फत झालं. ‘त्यांना विचारा, चहा घेणार का.’ ‘त्यांना सांग, साखर कमी.’ ‘त्यांना सांगा, मला माहीत आहे.’

मला सोडायला जिना उतरताना बाई म्हणाल्या, ‘बघ. अनोळखी माणसाशी अबोला धरता येत नाही. त्यालाही नातं लागतं.’ मी विचारलं, मग तुमची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? त्या म्हणाल्या, ‘प्रश्न मी विचारते.’ पुढेही मी अनेकदा विचारलं. उत्तर मिळालं नाही.

ते परवा मिळालं.

सकाळी दुधाची पिशवी बाईंच्या दाराच्या कडीला तशीच होती. वहिनी भाजी घेऊन परत आल्या, तरी तशीच. त्यांनी बेल वाजवली. दार ठोठावलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा हाक मारली. मग घरात जाऊन देवघराच्या खणातून किल्ली आणली आणि दार उघडलं. बाई खुर्चीत होत्या. चष्मा डोळ्यांवर. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले.

स्मशानातून परतताना मी वहिनींना विचारलं, किल्ली तुमच्याकडे कशी? त्या म्हणाल्या, ‘भांडणाच्या आधी दिलेली. नंतर त्यांनी मागितली नाही. मीपण दिली नाही.’ मग थोडं चालून म्हणाल्या, ‘मी बोलले नाही हो त्यांच्याशी. साध्या चपलांवरून.’

वहिनी, त्याचं उत्तर तिथे द्यायचं राहिलं. इथे देतो.

आमच्या जुन्या दर्शनकारांना एक प्रश्न पडला होता. समोर जमिनीवर घडा असला तर तो डोळ्यांना दिसतो. पण घडा नाही, हे कशाने कळतं? नसलेली गोष्ट डोळ्याला कशी दिसेल? त्यावर त्यांनी शतकानुशतकं वाद घातला. काही जण म्हणाले, हे ज्ञानाचं वेगळंच साधन आहे, अनुपलब्धी त्याचं नाव. मी हे बाईंना एकदा सांगितलं, बरंच रंगवून. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ‘सोपं आहे रे. ज्याने तिथे रोज घडा पाहिलाय, त्यालाच तो नाही हे कळतं. बाकीच्यांना नुसती जमीन दिसते.’ आणि मग म्हणाल्या, ‘हीच कुटुंबाची व्याख्या लिहून टाकते. कोणाला तुम्ही नाही हे आधी कळतं.’

वहिनी, त्या पॅसेजमधून सकाळपासून किती माणसं गेली असतील. लिफ्टपर्यंत जाताना सगळ्यांना ती पिशवी दिसली असेल. बाई नाहीत, हे तुम्हाला दिसलं. आता तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात की नव्हतात, हे त्यांच्या लेखी फार मोठं नसणार. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या देवघराच्या खणात होतं.

त्या दिवशी आमच्या कचेरीतून फोन आला. नवी मुलगी आहे, चांगली आहे. म्हणाली, ‘सर, मॅडम एकट्याच राहायच्या ना? मग “एकाकी मृत्यू” असा मथळा घेऊ?’ मी आयुष्यात पहिल्यांदा मथळ्यात लुडबूड केली. तिला म्हटलं, एकटं राहणं वेगळं, एकाकी असणं वेगळं. या विषयातला अभ्यासक पहिल्याच दिवशी हे शिकतो. माणसांनी भरलेल्या घरात एकाकी असता येतं आणि रिकाम्या घरात नसता येतं. बाई एकट्या राहत होत्या. मृदुलाचा बंगळूरुहून रोज फोन यायचा, भिंतीपलीकडे वहिनी कान देऊन होत्या. मृदुला, हे तुझ्यासाठी पुन्हा सांगतो. तुझी आई एकटी राहत होती. एवढंच.

पण मग एकाकी कोण, असा प्रश्न उरतोच. बाई असत्या तर त्यांनी तो सोडला नसता.

सभा सुरू व्हायच्या आधी मृदुलाने मला बाजूला घेतलं आणि एक किल्ली हातात ठेवली. ‘अनंतकाका, ही आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. तुमची ना?’ किल्लीला बाईंनी निळी दोरी बांधलेली. म्हणजे भाजीला जाताना, बँकेत जाताना, त्या टॉवरमध्ये जाताना, माझं घर त्यांच्यासोबत हिंडत होतं. त्या डोंबिवलीच्या दिवशी ती पर्समध्ये योगायोगाने असेल, असं मी समजलो होतो.

मृदुला म्हणाली, ‘मी ठेवू का माझ्याकडे?’

मी म्हटलं, अगं, मी दाराबाहेर अडकलो तर तू विमानाने येणार?

ती हसली नाही. म्हणाली, ‘आई तरी वेळेवर कुठे आली होती.’

मुलगी बाईंचीच आहे. तरी मी किल्ली परत घेतली. बंगळूरु फार लांब, एवढं कारण सांगितलं. खरं कारण हे की मृदुला ती आईसाठी ठेवेल. बाईंनी ती माझ्यासाठी ठेवली होती. तसं मागून मिळत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं आहे. बाईंनाही मी मागितलं नव्हतं. त्यांनीच हात पुढे केला.

परवापासून मला कोणी विचारलेलं नाही, जेवलास का. ही तक्रार नाही. वार्ताहर आहे, जे घडलं ते सांगतो. त्या ठरलेल्या वेळी फोन टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे बघत बसतो. बाकीच्यांना नुसता फोन दिसेल.

आता मंडळी, आपण सगळे उठून उभे राहू आणि थोडा वेळ गप्प राहू. एरवी अशा वेळी माणसं घड्याळाकडे बघतात, मीही बघतो. आज बाईंच्या पद्धतीने उभे राहू. आपल्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, ते माणूस डोळ्यांसमोर आणा. ते इथेच शेजारी उभं असेल तर त्याच्याकडे बघा. त्याच्याशी अबोला असेल तरी बघा.

आणि ज्यांची कोणाकडेच नाही, त्यांनी काय करायचं ते बाईंनी याच जागेवरून सांगून ठेवलं आहे. तेव्हा एकही हात वर गेला नव्हता.

उभे राहू या.

बाई, हा माझा हात. आज त्यात पेन नाही.