गार जागी ठेवा

सांगितलेलं कुणी नीट ऐकतच नाही, हाच खरा रोग आहे. बर्फाच्या पेटीत ठेवतं का कुणी बॅटरी? – नाही, बसा तुम्ही, मी सरकतो. तुमचंही कुणी आत आहे? माझं – म्हणजे नात्यातलं नाही. दातिवऱ्याची जमुनामावशी. हात भाजलाय, ड्रेसिंग चाललंय. दिव्यानं पेट घेतला. मी केलेल्या.

अहो, साधा चार्जिंगचा दिवा. पहाटे बंदरावर बायका मासळी निवडतात ती उजेडाला मोबाइल दातांत धरून – पाहिलंय कुणी? भाषणं करणारे खूप आहेत. बोईसरच्या भंगारात लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या पोत्यांनी पडतात, आतले कितीतरी सेल चांगले असतात. म्हटलं, आपण करू. केले, घरोघर दिले. चार्ज होताना तापायचे थोडे. मावशीनं विचारलं, मी घाईत होतो, म्हणालो – गार जागी ठेव. आता दातिवऱ्यात गार जागा कुठली? – बरोबर. पापलेटाशेजारी, बर्फात, झाकणाच्या फटीतून वायर घेऊन. रोज. इतक्या गार सेलला चार्ज केलं की तो आतून बिघडत जातो, वरून काही दिसत नाही. आज सकाळी तिनं दिवा हातात घेतला नि भडकला.

म्हणजे ऐकलं होतं तिनं. तेच तर. नरहरीकाका, तिचा नवरा, सगळ्यांदेखत तिला बोलला – पोरानं एवढा करून दिला नि तू माशात घातलास, अक्कल हाय का तुला? ती मान खाली घालून. मी? तिथंच होतो.

काय म्हणालात? हो, असतो ना सेन्सर. तुम्ही यातलेच दिसता. तांदळाच्या दाण्याएवढा – सेल फार गार झाला, फार तापला, की चार्जिंग थांबवतो. त्याचं पार्सल आलं नव्हतं. आणि थांबणं मला जमत नाही. त्याच्या जागी साधा रेझिस्टर जोडला – नेटवर पुष्कळ जण जोडतात – मग सर्किटला कायम वाटत राहतं की सेल मजेत आहे. जळत असला तरी. पार्सल नंतर आलं. टेबलावर आहे. फोडलेलं नाही.

बाकीचे दिवे? तसेच. सगळे तसेच. आत्ता लावलेही असतील चार्जिंगला. असं बघू नका हो माझ्याकडे, करणारच आहे फोन. फक्त आधी मावशीला सांगतो की तुझी चूक नव्हती, काकांसमोरच सांगतो, मग एकेकाला – थांबा, भागीकाकी आली बाहेर, मावशीची जाऊ.

"भावेश, तू घाबरू नको रे. मी सगल्यांना फोन करून सांगितला – बर्फात तेवढा ठेवू नका, बाकी दिव्याला काय होत नाय."