उभ्यानं आलेला राग

माझ्या शांत स्वभावाचं कौतुक नका करू रे. मी वालीवला एका वर्कशॉपात लेथवर होतो, तेव्हाचं सांगतो. शेजारच्या मशीनवर रफिकभाई. मला काम त्यांनीच शिकवलेलं. एकदा माझ्या हातून अख्खा लॉट बिघडला आणि शेठ, कुणी केलं हे न विचारताच, रफिकभाईंवर तुटून पडला. पार आईबहिणीवरून.

रफिकभाईंनी मशीन बंद केलं. ते सरळ खाली फरशीवर बसले.

"मी बोलतोय आणि तू बसतोस?" शेठ आणखीच भडकला.

उभ्यानं राग आला तर बसावं, असं त्यांच्या धर्मात सांगितलंय. मला ते माहीत होतं, शेठला नव्हतं. बसूनही राग उतरेना, तेव्हा ते नळावर गेले आणि नमाजाआधी करतात तसा वजू केला. तोंड, हात, पाय, सगळं सावकाश धुतलं.

परत आले तर शेठ म्हणाला, "पाय धुऊन झाले असतील तर घरी जा. उद्यापासून येऊ नको."

गेटपर्यंत मी सोबत गेलो. म्हटलं, "रफिकभाई, लॉट माझा होता हे सांगायचं होतंत ना."

"मला राग आलेला, म्हणून मी तोंड उघडलं नाही," ते म्हणाले. "तुला काय झालेलं?"