साहेबाच्या वाटेवरच्या पताका

खंडोबाची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे. थोडा सोडला तर. धरणाचं पाणी कुठवर चढणार, ते दाखवायला मोजणीवाल्यांनी मुळशीत आमच्या भातखाचरांतून लाल निशाणं रोवली होती अन् भाताची लावणी थांबवली होती. तेवढ्यात पाटलांना हुकूम आला, मोठा साहेब पाहणीला येतोय, रस्ता सजवा.

"पताकांना कापड कुठलं आणू?" पाटील म्हणाले.

रखमाकाकू म्हणाली, "रानात लई हाय की."

"मला तुरुंगात धाडतीस व्हय?"

"तुमी हुकूम पाळताय न्हवं?"

साहेबाला सजावट फार आवडली. म्हणाला, "आता निशाणं दाखवा."

"त्यांच्याखालनंच आलात की, सायेब," काकू म्हणाली.

साहेब पोट धरून हसला. पुन्हा मोजणी होईस्तोवर आमची लावणी उरकली.

साहेब हसला, ही माझी भर. लावणी मात्र खरंच उरकली.