स्वतःहून

...आणि मागं व्हा म्हटलं की मागं व्हायचं असतं हो, पुढं यायचं नसतं! अहो काका, तुम्हालाच म्हणतेय, दोरीच्या पलीकडं... म्हणजे माझ्या पलीकडं, तुमच्या अलीकडं... जाऊ दे, आहात तिथंच थांबा, पण दोरीवर रेलू नका, कारण हे टोक माझ्या हातात आहे आणि तुम्ही रेललात की मी येते फरफटत तुमच्याकडं! काय म्हणालात? मी कोण सांगणारी? हेच! तुम्हाला सांगते, जो येतो तो हेच विचारतो, 'तू काय पोलीस आहेस?' नाही हो, पोलीस नाही, राखीव पोलीस. राखीव म्हणजे काय, तर खरे पोलीस बसले की उभं राहायला राखून ठेवलेली माणसं! सक्ती नाही, नेमणूक नाही, नुसती सेवा. आई रोज ताट वाढताना विचारते, 'कुणी सांगितलं होतं तुला?' कुणी नाही गं आई. स्वतःहून.

आता हे स्वतःहून कसं झालं तेही ऐकाच, नाहीतरी मोठ्या पाहुण्यांची गाडी अजून आलेली नाही आणि पूल काही फीत कापल्याशिवाय पळून जात नाही. तर आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये साहेब आले, राखीव पोलिसांचे साहेब, घसा खाकरून म्हणाले, 'समाजासाठी स्वतःहून पुढं कोण येणार?' सगळे आपापल्या चपलांकडं बघतायत. आणि नेमका तेव्हाच मागच्या बाकावर कुणाचा तरी स्टीलचा डबा पडला... खण्णकन! आता मी जन्माची दचकी. कडी वाजली तरी माझा हात डोकं झाकायला वर जातो. गेला वर! 'शाब्बास!' साहेब ओरडले, 'बघा, शिका हिच्याकडून!' टाळ्यांचा कडकडाट. त्या कडकडाटात 'साहेब, मी नुसती दचकले हो' हे कुठल्या तोंडानं सांगणार?

वर्दी मिळाली ती कुणा धिप्पाड गृहस्थाची. टोपी कानांवर अडली म्हणून टोपी, नाहीतर गळ्यात हार! दादा म्हणाला, 'आई, वर्दी चाललीय बघ रस्त्यानं, आत कुणी आहे का विचार.'

हसा. हसा तुम्हीही. पण एक सांगू? आमच्या घराकडं जाणारी गल्ली आहे ना, तिच्या तोंडाशी एक टोळकं बसलेलं असतं. पाय रस्त्यात पसरून. कॉलेजची सगळी वर्षं मी ती गल्ली टाळून, गोदामामागच्या चिखलातून वळसा घालून घरी गेले. वर्दीत पहिल्यांदा तिथून गेले तेव्हा काय सांगू, पाय आत घेतले हो त्यांनी! एक जण तर चक्क म्हणाला, 'या ताई.' ताई! त्या दिवसापासून आई काही म्हणो, दादा काही म्हणो, मला ती वर्दी पाहिजे. समाजसेवा गेली खड्ड्यात, मला माझ्या घरी सरळ रस्त्यानं जायचंय. एवढंच.

आणि तीच वर्दी गेली! अहो मावशी, रेलू नका म्हटलं ना, दोरी आहे, गॅलरीचा कठडा नाही!

तर झालं असं. बाजारात ड्यूटी होती. सोबत हवालदारकाका. ते खरे पोलीस, आणि तोंडात कायम एकच वाक्य, 'पोरी, तू नुसती उभी राहा, मी आत्ता आलो.' त्यांच्या 'आत्ता'त एक झोप होते, तुम्हाला सांगते! ते गेले चहाला, आणि माझ्या कानामागं कोण किंचाळलं, 'चोर! माझी पर्स!' झालं. दचकले, हात वर, हातात काठी, काठी सुटली ती गरगर फिरत जाऊन अडकली नेमकी त्या पळणाऱ्याच्या पायांत. तो आडवा! तेवढ्यात हवालदारकाका आले धावत, बसले त्याच्या पाठीवर गुडघा रोवून, फोटोवालाही कुठून उगवला देव जाणे. दुसऱ्या दिवशी पेपरात, 'हवालदाराच्या प्रसंगावधानाने चोर जेरबंद.' फोटोत मी आहे, नाही असं नाही. कडेला माझं कोपर आहे. आईनंच ओळखलं, 'हे तुझंच गं, सायकलवरून पडलीस तो व्रण.' मी म्हटलं, 'काका, काठी तर माझी होती.' तर म्हणाले, 'पोरी, काठी खात्याची, काम खात्याचं, नाव खात्याचं. त्यात माझं-तुझं कशाला?'

बरं बाबा. खात्याचं तर खात्याचं.

पण मग कळलं की चोराचं हाड मोडलंय आणि त्यानं वकील केलाय. साहेबांच्या खोलीत बोलावणं. वर पंखा कुरकुरतोय, बाहेर बाकावर वकील, आणि साहेब विचारतायत, 'काठी कुणी फेकली?' आणि काका, हेच काका, ताठ उभे राहून म्हणतात काय, 'हिनं साहेब. मी सांगितलंच नव्हतं. हिनं स्वतःहून फेकली.' बघा! चोर पकडला तेव्हा खात्यानं, पाय मोडला तेव्हा मी! कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. स्वतःहून! साहेब माझ्याकडं वळले, 'खरं सांग, मुद्दाम फेकलीस की दचकून?' आता मुद्दाम म्हणावं तर वकील दारात, दचकून म्हणावं तर दचकणारीला वर्दी कोण देणार? मी नुसती टोपी सावरत राहिले. साहेब म्हणाले, 'वर्दी जमा कर.'

त्या संध्याकाळी साध्या कपड्यांत गल्लीच्या तोंडाशी आले. पाय पुन्हा बाहेर. 'काय ताई, वर्दी धुवायला टाकली का?' ...मी वळले. चिखलातून गेले. तेव्हापासून रोज चिखल.

मग आज इथं कशी, म्हणता? आज माणसं कमी पडली! साहेबांचा निरोप, 'दंडाला पट्टी बांध, दोरी धर. गाडी जाईपर्यंत दोरी जागची हलली नाही, तर वर्दी परत.' म्हणून हे बघा, माझं टोक मनगटाला वेढे देऊन धरलंय. ते तिकडचं टोक? तिथं खरं तर हवालदारकाका हवेत. पण ते खांबाला गाठ मारून म्हणाले, 'पोरी, तू नुसती उभी राहा, मी आत्ता...'

आली! गाडी आली! मागं व्हा, मागं... अगं बाई गं! काय फुटलं? फुगा? फुगाच होता? दचकले हो, दचकले, हात वर गेला, पण बघा, बघा ना, दोरी सोडली नाही! जन्मात पहिल्यांदा काही सोडलं नाही मी! ...पण ही सैल कशी पडली? अहो ढकलू नका! खांब... खांबाची गाठ सुटली! अहो रेलणारे काका, गाडीपुढं नका जाऊ! मावशी, चप्पल राहू दे, आधी तुम्ही या!

...थांबली गाडी. पाहुणे उतरून हात हलवतायत. लागलं नाही ना कुणाला? नाही. चला. पण तुम्ही बघितलंत ना, माझं टोक माझ्याच हातात होतं? सांगाल ना साहेबांना? अहो... अहो, निघालात कुठं सगळे?

साहेब येतायत. इकडंच. चेहरा लालभडक. 'दोरी कुणी सोडली?'

माझ्या मनगटावर वळ उठलेत, दाखवले की झालं. आणि साहेबांच्या मागं हवालदारकाका, हातात अजून कप, मान अशी बारीक हलवतायत, नको गं पोरी, नको. सांगू खरं? खरं मागच्या वेळीही होतं की. त्याचं काय झालं? आणि संध्याकाळी ती गल्ली...

म्हटलं, 'कुणी नाही साहेब. दोरी सुटली. स्वतःहून.'

साहेबांनी एकदा पाहुण्यांच्या गाडीकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, 'वरून विचारलं तर हेच सांगायचं. शब्द बदलायचा नाही.' आणि जाता जाता, 'संध्याकाळी वर्दी घेऊन जा.'

काकांनी पाठीवर थाप मारली... दचकलेच मी... म्हणतात, 'आत्ता झालीस खरी पोलीस! हे असं बोलायला कुणी शिकवलं गं तुला?'

कुणी नाही काका.

स्वतःहून.