कापणाऱ्याचा तुकडा

बसचं चाक पंक्चर झालं म्हणून आम्ही सगळे खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला, युद्धकैदेतून परत न आलेल्यांचं स्मारक होतं. त्याच्या पायरीवर एक म्हातारं जोडपं पावाची पुडी सोडून बसलं. मी शेजारच्या बाकावर टेकलो.

"अहो, पाव कापताय की जमीन मोजताय? दोरा कशाला लावायचा त्याला?"

"कैदेत असंच मोजायचो. कुणाला कमी-जास्त नको."

"सुटून चव्वेचाळीस वर्षं झाली. आता पहारेकरी मी आहे."

"तिथला बरा होता. गप्प तरी बसायचा."

"हो का! आणा ती सुरी इकडे. आज मी कापते."

"मग शेवटी घ्यायचं. कापणाऱ्यानं उरलेला तुकडा घ्यायचा, नियम आहे."

"पाठ आहे मला तो नियम. लग्न झाल्यापासून कापता तुम्ही आणि मोठा तुकडा माझ्या ताटात. हे घ्या, मुद्दाम वाकडा कापलाय. उचला आधी."

"उचलला."

"लहानच उचललात! मेली खोड जात नाही. तिकडेही असेच उपाशी राहायचात ना?"

"नाही गं. तिकडे मोठाच उचलायचो."

"तुम्ही? काहीतरीच."

"रोज. कितीही मोजलं तरी एक मोठा निघतोच. आणि कापायला कायम सुतार असायचा."

"कोण सुतार? कधी बोलला नाहीत."

"तुझ्या पाठीमागे बघ. वरून तिसरं नाव."