तात्यांना न शिकवलेलं वाक्य

आमच्या चाळीच्या गणपतीतल्या नाटकाची मी वाट कशी लावली, सांगितलंय का रे तुम्हाला? घाटकोपरला, टीव्हीला नुकते रंग आले होते तेव्हा. नाटक बाप-लेकाच्या भांडणाचं. बापाच्या कामात चाळीतले तात्या, आणि मुलाच्या कामात त्यांचाच खरा मुलगा सुऱ्या. साकीनाक्याची नोकरी सोडली म्हणून तात्यांनी त्याच्याशी खरोखरच बोलणं टाकलं होतं, तो मित्राकडे राहत होता. दिग्दर्शक खूश, "यांना भांडण शिकवायला नको!"

तात्यांचं पाठांतर शून्य. विंगेतून मी पुटपुटेन ते ठणकावून म्हणायचे. ऐन प्रयोगात वाक्य आलं, "चालता हो घरातून!" मला आली लहर. मी हळूच म्हटलं, "जेवलास का रे?"

तात्या गरजले, "जेवलास का रे?"

सुऱ्या खाली बघून म्हणाला, "नाय, बाबा."

मी पुढचं काय सांगू याचा विचार करतोय, तोवर तात्या आपले आपणच बोलले, "मगे घराक चल."

आणि निघाले की दोघे, स्टेजवरून उतरून थेट खोलीवर! टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक माझी कॉलर धरून ओरडतोय, "मेल्या, अजून दोन अंक बाकी आहेत!"